चष्मा घरी राहिला

१४ एप्रिल, सोमवार

ही डायरी दूध संस्थेनं जानेवारीत दिलेली. तीन महिने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून पडून हुती. आज माझ्या नातीनं, मैथिलीनं, ती पुसून माझ्या पुढ्यात ठिवली आणि म्हणाली, "आज्जी, आजपास्नं तुझी बी शाळा. रोज लिवायचं. मी तपासणार न्हाई, खाजगी हाय." दहा वर्षांचं पोरगं, पर हुकूम मामलेदाराचा. मी म्हटलं, "अगं, तिसरीतनं उठवलेली बाई मी, काय लिवू?" तर म्हणाली, "आज काय झालं ते. आणि 'मी लिवते' असं लिवायचं, 'मी लिवतो' न्हाई." आमच्या कोल्हापुरात बायका बी जातो-येतो म्हणत्यात, त्यात कुणाचं काय बिघडलं? पर मास्तरीण म्हणेल तसं. लिवते.

घरात आम्ही पाच जण. माझा ल्योक सम्राट हायस्कुलात गणित शिकवतो. सून क्रांती, कुरुंदवाडची, बीएस्सी झालेली. मैथिली, आणि तिच्या पाठचा राजवीर, आठ वर्षांचा. पोरांचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. दारात एक म्हस हाय, तिला बी धराय पायजे, कारण घरात तिचंच सगळे ऐकत्यात.

दिवाळीपास्नं क्रांतीनं दोन्ही पोरं शाळंतनं काढली आणि घरीच शिकवाय लागली. अख्ख्या कसबा बावड्यानं तोंडात बोट घातलं. मला कुणी इचारलं न्हाई, पर मला लई आनंद झाला. घर कसं भरल्यागत वाटतंय. आज सकाळी दोघांनी म्होरल्या सोप्यात खुर्च्या लावून एसटी केली. राजवीर डायव्हर, मैथिली कंडक्टर, मी पाशिंजर. डायव्हरच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा बोर्ड हुता, पर त्यावर अक्षर न्हवतं, बैल काढला हुता.

"ही गाडी कुठं जायची ओ?" मी इचारलं.

"मुरगूड."

"बैल काढलाय ह्यावर."

"मग? मुरगूडला चिमणाआज्जीकडं बैल हाय की!"

चिमणाबाई म्हणजे माझी धाकटी भण. पोराचं डोस्कं बघा. आणि वाचन? मांडीवर पुस्तक घेतो, डोळं मिटतो आणि गोष्ट ओळ न ओळ बरोबर वाचतो. मैथिलीला बघून वाचाय लागतं, ह्याला बघायची बी गरज न्हाई.

शाळंत हुता तवा रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. अंथरूण ओलं करायचा. मी ओवा द्यायची. शाळा सुटली त्याच आठवड्यात दोन्ही थांबलं. ओव्याचा गुण उशिरा येतो, पर येतो.

हात दुखाय लागला. बास.

१८ एप्रिल, शुक्रवार

अंबाबाईचा वार. दर शुक्रवारी दुपारी चार-पाच बायका येत्यात आणि मी देवीची पोथी वाचते. वीस वर्षं झाली असतील. साखर-फुटाण्याचा प्रसाद असतो, आज कैरीची डाळ बी केलती.

शेजारची शालूबाई डाळ चाटत म्हणाली, "तानाक्का, गावाची पोरं मास्तराकडं आणि मास्तराची पोरं म्हशीकडं व्हय?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "आमचा राजवीर डोळं मिटून वाचतोय."

"मग डोळं उघडून काय करतोय?"

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ न्हाई. तिनं स्वतःच्या व्याह्याला सोडलं न्हाई.

पर आज एक वेगळंच झालं. मी पोथी वाचत हुते, राजवीर मांडीला टेकून बसलेला. मधीच हळू आवाजात म्हणाला, "आज्जी, उलट की आता. हळद आली." मी पटकन पान उलटलं. बायकांना ऐकू गेलं न्हाई, देवीची कृपा.

आता हे लिवू का नको? मैथिली म्हणाली खाजगी हाय, म्हणून लिवते. पोथीच्या कोपऱ्याला मी हळदीची बोटं लावल्यात. एक बोट, दोन बोटं, आडवं बोट. सासूबाई पोथी म्हणायच्या, ती ऐकून ऐकून मला पाठ झाली. पान उलटायचं ते बघणाऱ्यांसाठी. छापील अक्षर मला लागत न्हाई. भ आणि म जागा बदलत्यात, घ आणि ध बी. तिसरीत गुरुजी म्हणाले, हिच्या डोस्क्यात शेण हाय, हिला शेण काढाय लावा. बाबांनी तसंच केलं. लिवायचं जमतं, कारण मी काय म्हणणार ते मला आधीच ठावं असतं. वाचायचं म्हणजे दुसऱ्याच्या पोटातलं काढाय लागतं.

हे पोरांच्या आजोबांना बी ठावं न्हवतं. सम्राटला न्हाई. आणि ह्या चिमुरड्यानं एका दुपारी ओळखलं! हुशारच हाय.

२२ एप्रिल, मंगळवार

गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलते, राजवीर संगं हुता. तिथल्या पोरीनं कागद दिला, वाचून सही करा म्हणाली. मी नेहमीचं बोलले, "बाई, चष्मा घरी राहिला. तूच वाच की." तिनं वाचला, मी सही केली.

बाहेर आल्यावर राजवीर म्हणाला, "आज्जी, चष्मा पिशवीत हाय की."

"गप."

"मग खोटं का बोललीस?"

"खोटं न्हवं रं ते. असं म्हटलं की माणसं आपणहून वाचून दाखवत्यात. कुणी हसत न्हाई."

वाटंतला खडा पायानं ढकलत चालला. मग म्हणाला, "आणि ज्याला चष्माच न्हाई त्यानं म्हटलं तर चालतंय?"

मला लई हसू आलं. त्याला बर्फाचा गोळा घेतला, काला खट्टा. शर्ट जांभळा करून घरी आला आणि क्रांतीची बोलणी आम्ही दोघांनी खाल्ली.

४ मे, रविवार

आज तांबडा रस्सा केलता. पातेलं भरून तसाच राहिला.

सम्राटनं हायस्कुलाला सुट्टी लागल्यापास्नं तोंड फुगवलं हुतं, ते आज फुटलं. "स्टाफरूममधी रोज इचारत्यात, सर, तुमची पोरं कुठल्या शाळंत? मी काय सांगू? मैथिलीचं चाललंय, तिचं माझं काय म्हणणं न्हाई. पर राजवीर आठ वर्षांचा झाला, एक ओळ वाचत न्हाई!"

मी म्हटलं, "अरे वाचतोय की. डोळं मिटून."

"तेच तर म्हणतोय, आई."

ह्यात तेच काय ते मला कळलं न्हाई.

क्रांती म्हणाली, "तो आळशी नाही. शहरात एक बाई आहेत, अशा मुलांना तपासतात. एकदा दाखवून आणू या."

"अशा म्हंजे कशा? माझा पोरगा अशा पोरांतला न्हाई. लाडानं बिघडलाय. शिस्त लागली की वाचतोय बघ."

मग त्यानं एक फॉर्म टेबलावर ठिवला. लांबची निवासी शाळा, तिथंच राहायचं, दिवाळीला आणि मे महिन्यात घरी. दोन जूनला फॉर्म द्यायचा हाय. आणि एक पातळ पुस्तक ठिवलं, 'कावळ्याचं पागोटं', सोळा पानी, कावळ्याच्या डोक्याला लाल पागोटं. म्हणाला, "एक जूनला मी त्याला हे वाचाय लावणार. वाचलं तर राहू दे घरात. न्हाई वाचलं तर फॉर्म भरला."

क्रांती रश्श्याखालचा गॅस बंद करून आत गेली.

एक जून म्हणजे माझा सरकारी वाढदिवस. गुरुजींनी माझ्या वर्गातल्या सगळ्यांची हीच तारीख लिवली, कुणाच्याच आईला खरी ठावं न्हवती. गावात त्या दिवशी दीडशे म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो.

राजवीर कुठं हुता म्हणून बघितलं तर पलंगाखाली. म्हशीच्या गळ्यातली घंटा घेऊन बसला हुता. घंटेची जीभ मुठीत घट्ट धरलेली. वाजू नये म्हणून.

८ मे, गुरुवार

आज जे झालं ते कुणाला सांगणार न्हाई, शपथ घेतलीया. पर डायरी म्हणजे कुणी न्हवं.

राजवीरला चार दिवस करमत न्हवतं, म्हणून म्हटलं चिमणाबाईकडं मुरगूडला जाऊन येऊ, बैल बघून येऊ. मी इतकी वर्षं मुरगूडला जाते. एसटी स्टँडवर उजवीकडनं तिसऱ्या फलाटाला गाडी लागती, कडेला लिंबू सरबताचा गाडा, चुकायचा सवालच न्हाई. पर आज स्टँडवर कसलं तरी खोदकाम काढलेलं, फलाट बदललेले, सरबताचा गाडा भलतीकडंच. मी सरबताच्या गाड्यापुढची गाडी धरली. राजवीर माझ्या म्होरं टुणकन चढला, बोर्डाकडं मान वर करून बघत चढला, म्हणून मी निर्धास्त. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, मी म्हटलं, "एक फुल, एक हाफ, मुरगूड."

"मावशी, ही राधानगरीची गाडी."

गाडी तवर हळदी गावापतुर आलती. कंडक्टर लई बोलला. "एवढा मोठा बोर्ड लावलाय, ही शिकल्याली पोरं संगं असत्यात तरी." हळदीला उतरवलं आम्हाला. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ हुतं, तिथं बाकड्यावर बसलो.

मी म्हटलं, "राजा, तू बोर्ड वाचलास न्हवं?"

तो म्हणाला, "मला वाटलं तू वाचलीस."

रसवाल्याची घुंगरं वाजत हुती. मग त्यानं माझ्या लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळाय सुरुवात केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आज्जी, मला वाचाय येत न्हाई. अक्षरं बसत न्हाईत एका जागी. मैथिली वाचती ते मी ध्यानात ठेवतो. शाळंत बाईंना कळलं तवा त्यांनी मला पयलीच्या वर्गात नेऊन बसवलं, बारक्या पोरांत. सगळी हसली."

"कवा?"

"रोज."

मी रसाचा गिलास बाकड्यावर ठिवला. मी म्हटलं, "मला बी येत न्हाई रं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "हळद."

मग आम्ही दोघांनी रसाच्या गिलासावर हात ठिवून शपथ घेतली, कुणी कुणाचं सांगायचं न्हाई. घरी येऊन सांगितलं, बैल मजेत हाय.

९ मे, शुक्रवार

आज पोथी वाचताना राजवीर समोर बसला हुता. हळद आली तरी मला पान उलटायची लाज वाटली. शालूबाई म्हणाली, "तानाक्का, आज लई लांब पान हाय."

१७ मे, शनिवार

मी एक युक्ती काढलीया. वीस वर्षं मला जमलं, तर पोराला सोळा पानं का जमू न्हयेत? रोज दुपारी क्रांती धुणं वाळत घालाय गच्चीवर गेली की मी मैथिलीला म्हणते, "ते कावळ्याचं वाच गं, माझा चष्मा कुठं गेला कुणास ठावं." ती ठसक्यात वाचती, कावळ्याचा आवाज वेगळा, शेळीचा वेगळा. राजवीर आडवा पडून ऐकतो. मग मैथिली खेळाय गेली की आम्ही दोघं पानं लावतो. मी पान उलटते, तो म्हणतो. पयल्या पानाच्या कोपऱ्यात त्यानं पेन्सिलीनं बाभळ काढलीया, सहा-सातला बेडूक, आठला शेळी. माझी हळद, त्याची चित्रं. आज दहा पानं न चुकता म्हणाला आणि मला मिठी मारली. मी काकवी-भाकरी दिली. पुस्तक हातात, भाकरी हातात, असा आमचा अभ्यास.

क्रांतीचं काय वेगळंच चाललंय. ती पितळी परातीत जोंधळं पसरती आणि त्याला बोटानं अक्षर काढाय लावती. अर्धा-अर्धा तास एकच भ. मी म्हटलं, "अगं, खायच्या धान्यात बोटं कशाला?" म्हणाली, "आत्ती, अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं स्थिर राहत नाहीत. बोटाला कळलं की डोळ्याला कळेल."

कुणाची राहत्यात थिर? माझी तर साठ वर्षं नाचत्यात. मी काय जोंधळं पसरले न्हाईत.

२५ मे, रविवार

क्रांतीला कळलं. पुस्तकातली चित्रं बघितली असणार. दुपारी माझ्या शेजारी शेंगा फोडाय बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आत्ती, त्याच्याकडून पाठ नका करून घेऊ. पाठ म्हटलं तर ह्यांना कळणारच नाही त्याला काय होतंय ते."

"कळू न्हये म्हणूनच तर चाललंय की."

"आणि पुढच्या पुस्तकाला? त्याच्या पुढच्या?"

मी म्हटलं, "तवाचं तवा. एक जून निघू दे. पोरगं घरात राहिलं पायजे का नको?" तिच्या डोळ्याला पाणी आलं, शेंगाची धूळ गेली म्हणाली. बीएस्सी झालीया, पर घर कसं राखायचं ते तिला कळत न्हाई.

असं लिवलं खरं. पर माझं वाचायचं पुढं काय झालं? काहीच न्हाई झालं. साठ वर्षं मी चष्मा इसरत राहिले.

परवापास्नं राजवीरचं अंथरूण परत ओलं. ओवा चालू केला.

३१ मे, शनिवार

सोळाच्या सोळा पानं आली. सरळ, उलटी, मधनं कुठनं बी. चित्र दाखवलं की सुटतो. आज चार येळा म्हणाला, जेवला मात्र न्हाई. मी म्हटलं, "भ्यायचं न्हाई राजा, उद्या माझा वाढदिवस, मी शेजारीच हाय." तो म्हणाला, "आज्जी, मी तिकडं गेलो तर तुला हळद कोण सांगणार?"

१ जून, रविवार

लई रात झालीया. तरी सगळं लिवणार.

सकाळी पोरांनी मला पाटावर बसवून ओवाळलं. मैथिलीनं रांगोळीत माझं नाव काढलं. शिरा केला, शालूबाईला बोलवलं, कारण वास तिच्या घरात गेलाच हुता. शिरा खाऊन झाल्यावर सम्राटनं पुस्तक घेतलं. मला वाटलं शालूबाई उठंल, पर ती कसली उठती, आणि खरं सांगायचं तर मीच तिला बस म्हटलं. पोरगं वाचतंय हे तिनं बघावं अशी माझी खाज.

राजवीर सतरंजीवर बसला. पुस्तक उघडलं. सुरुवात केली तर काय सांगू, खणखणीत! कावळ्याला बाभळीवर लाल फडकं सापडलं, त्यानं पागोटं बांधलं, चिमण्या हसल्या. एक पान, दोन पानं, पाच पानं. सम्राटचा चेहरा हळूहळू सैल झाला. क्रांती दाराला टेकून उभी हुती, तिचा मात्र न्हाई झाला.

मग त्यानं पान उलटलं आणि थांबला.

मी वाकून बघितलं. त्या पानाच्या कोपऱ्यात शेळी हुती. सहा आणि सात एकमेकाला चिकटलेली. काकवी! माझ्याच बोटांची काकवी. पाचनंतर थेट आठ आलतं. पोराला कळंना, बेडूक कुठं गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी मूर्ख, मी ओठ हलवले. बेडूक.

झालं, तो सुटला. "विहिरीतला बेडूक म्हणाला, कावळेदादा, हे पागोटं भिजलं तर…" सगळं म्हणाला, दोन्ही पानं, ठसक्यात.

"थांब," सम्राट म्हणाला. "बेडूक कुठाय ह्या पानावर?"

राजवीर पुस्तकाकडं बघत राहिला. बोट पुस्तकावर ठिवलं, उचललं, परत ठिवलं.

"वाच. पयली ओळ वाच ह्या पानावरची."

मग तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पप्पा, चष्मा घरी राहिला."

शालूबाई फसकन हसली. "अरं, घरातच बसलाईस की! आणि चष्मा कवा लागला तुला?"

दुसरं कुणीच हसलं न्हाई. सम्राट म्हणाला, "कुणी शिकवलं हे तुला?" राजवीरनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. शपथ घेतलती न्हवं. खाली मान घालून बसला आणि सतरंजीचा दोरा वढत राहिला. "मी काय इचारतोय?" दोरा वढतोय. "लबाडी बी शिकलाईस व्हय घरात बसून?" आणि सम्राट उठला आणि टेबलावरचा फॉर्म घेतला, खिशातनं पेन काढलं.

मी कशी बोलले मला ठावं न्हाई. "मी शिकवलं. पोराला बोलू नको. आण ते पुस्तक इकडं, मी वाचतो."

"आई, तू मधी पडू नको."

"आण म्हणतो न्हवं!"

पिशवीतनं चष्मा काढला. सगळ्यांच्या देखत घातला. शेळीचं पान हुतं. बोट ठिवलं. श ला मात्रा, ळ ला वेलांटी, शेळी. एवढं आलं, चित्र हुतं की. फुडं एक लांब शब्द. मी म्हटलं, "मां…" मग म्हटलं, "मांबा… मामा…" शालूबाईचं चघळणं थांबलं ते मला ऐकू आलं. "शेळी मामाव… मामावली."

मैथिली हळूच म्हणाली, "आज्जी, भ हाय तो. भांबावली."

"तिला म दिसतोय," राजवीर म्हणाला. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिला तसंच दिसतंय. मला बी."

सम्राट माझ्याकडं बघत राहिला. "आई, पोथी?"

"पाठ हाय."

"दर शुक्रवारी?"

"पाठ हाय रं. हळद लावलीया पानांना."

"आणि माझी प्रगतिपुस्तकं? सह्या तूच करायचीस."

"तू वाचून दाखवायचास. मी सही करायची."

तो खुर्चीवर बसला. पेन उघडंच हुतं हातात. मग म्हणाला, "सातवीत मी इंग्रजीत नापास झालतो. तुला पास म्हणून वाचून दाखवलं."

"व्हय? मी तर त्या दिवशी पेढे वाटलते की."

शालूबाईनं वाटी खाली ठिवली आणि काय बी न बोलता गेली. वीस वर्षांत ती पयल्यांदा न बोलता गेली.

२ जून, सोमवार

फॉर्म दिला न्हाई. पर फाडला बी न्हाई. सम्राटनं घडी घालून कपाटात कपड्याखाली ठिवला. क्रांतीला म्हणाला, "ह्या वर्षापुरतं." मला फाडलेला बघायचा हुता.

माझ्याशी नीट बोलत न्हाई. चहा दिला तर घेतो. मी दिसले की माझ्या डोळ्यांकडं बघतो, जसं काय तिथं काय लिवलंय.

६ जून, शुक्रवार

बुधवारी सम्राट आणि क्रांती राजवीरला त्या शहरातल्या बाईंकडं घेऊन गेलते. दोन तास तपासलं. ठोकळे लावाय दिले ते त्यानं पटापट लावले, अक्षरं दिली तिथं गाडी अडली. बाई म्हणाल्या, पोरगं हुशार हाय, अक्षरं ओळखायची वाट त्याची वेगळी हाय, लई मेहनत लागंल, वर्षं लागतील. मग त्यांनी इचारलं, घरात आणखी कुणाला असं हाय का? क्रांती सांगत हुती, सम्राटनं आधी राजवीरच्या डोक्यावर हात ठिवला. मग म्हणाला, "माझ्या आईला. आणि ते मला आत्ता कळलं."

सतरा वर्षं मास्तरकी करतोय. काल जेवताना आपणहूनच म्हणाला, "वर्गात असली किती पोरं मी मागच्या बाकावर बसवली असतील." क्रांतीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

आज अंबाबाईचा वार. दर येळी चार-पाच बायका येत्यात, आज दोघी आल्या. शालूबाई आली न्हाई, तिनं गल्लीभर सांगितलंय. दोघींच्या समोर मी पोथी उघडली न्हाई, पाटावर मिटून ठिवली, हळद-कुंकू वाहिलं आणि सरळ सांगितलं, "मला वाचाय येत न्हाई. पाठ हाय ती म्हणते. चालत असंल तर बसा." बसल्या. म्हणताना जिथं जिथं पान उलटायचं तिथं माझा हात आपोआप उठायचा आणि मोकळाच खाली यायचा. तोंड बी अडखळलं. राजवीर मांडीला टेकून हुता, प्रत्येक येळी बोटानं माझा गुडघा दाबायचा. फुडं सुटायची मी.

त्या गेल्यावर क्रांतीनं परात आणली. जोंधळं पसरलं आणि दोन पाट मांडले. "आत्ती, बसा."

मी म्हटलं, "अगं, आता ह्या वयात?"

"बस की आज्जी," मैथिली म्हणाली, "न्हाईतर गैरहजेरी लावीन."

बसले. एका बाजूला राजवीर, एका बाजूला मी. भ काढायचा. त्याचा तिसऱ्यांदा बरोबर आला. माझा म झाला. पुसला, परत काढला, परत म.

एक लिवायचं राहिलं. सोमवारपास्नं ओवा द्यायचा इसरले, तरी अंथरूण कोरडं हाय. क्रांतीला सांगितलं तर म्हणाली, "आता ओवा नकोच, आत्ती." मी डबा वरच्या फळीवर ठिवला.

तर, भ. राजवीरनं माझं बोट धरलं. त्याची बोटं जोंधळ्याच्या धुळीनं पांढरी झालती. म्हणाला, "आज्जी, तू वरची रेघ सगळी वढतीस, म्हणून म होतोय. डोक्यावर जरा फट ठिव. सगळं बंद करू नको."

मी फट ठिवली.